दुखतं तसं दुखतं

माझ्या वडिलांनी तोंडातल्या दोन धडधाकट दाढा केवळ उपमेच्या अभावी गमावल्या. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, आणि मला दाढांइतकाच त्या हसण्याचाही राग येतो. पहिल्या दाढेला निदान बारीकशी कीड तरी होती. दुसरी काढून डॉक्टरांनी ट्रेमध्ये ठेवली आणि चिमट्यानं उलटीपालटी करून बराच वेळ बघत राहिले, कारण तिला काहीही झालेलं नव्हतं. दुखणं मात्र होतं तिथंच, डाव्या जबड्यात, खालच्या बाजूला. आणि आता तिसरी दाढ पुढच्या शनिवारी काढायचं ठरलं होतं.

मी शाळेत भाषा शिकवते. आठवी, नववी, दहावी. एकोणीस वर्षं झाली. दरवर्षी शंभर-सव्वाशे मुलांच्या गळी मी उपमा, रूपक, उत्प्रेक्षा उतरवते, आणि माझ्याच घरात मागच्या खोलीत एक एकाहत्तर वर्षांचा माणूस 'कसं दुखतं?' या प्रश्नाला 'दुखतं' असं उत्तर देऊन दाढा उपटून घेत बसलेला असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"बाबा, कसं दुखतं?"

"दुखतं."

"अहो, पण कसं?"

"दुखतं तसं दुखतं."

पाच महिने हा संवाद आमच्याकडे रोज चालला होता. कधी सकाळी, कधी जेवताना, कधी दोन्ही वेळेला. घास घेतला की बाबा मध्येच थांबायचे, डोळे गच्च मिटायचे, चमचा हवेत. मग डोळे उघडायचे आणि चमचा ताटात ठेवून द्यायचे. दाढी करणं त्यांनी जवळपास सोडलंच होतं. बोलणं तर मुळातच कमी, आता बोलतानाही कळ येते म्हणून आणखी कमी. पँटला पट्टा लागत नव्हता तो लागू लागला, मग पट्ट्याला नवं भोक पाडलं, मग आणखी एक. भोकं त्यांनी स्वतःच पाडली, मोजून, सारख्या अंतरावर.

त्यांचा स्वभाव समजायचा तर त्यांचं टेबल समजलं पाहिजे. बाबा अडतीस वर्षं एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. मशीनवर तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा. वर पांढरा दिवा, खाली सपाट काळा दगड आणि हातात गेज. गेज म्हणजे मापाचा दांडा, दोन टोकांचा. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पहिलं गेलं नाही तर भाग रद्द. दुसरं गेलं तरी भाग रद्द. त्या दुसऱ्या टोकाला 'नो-गो' म्हणतात, आणि कारखान्यात बाबांनाही सगळे तेच म्हणायचे. मशीनवाले हात जोडायचे, "साहेब, जवळजवळ बसतोय की!" बाबा म्हणायचे, "जवळजवळ असा आकडा नसतो," आणि लाल शिक्का मारायचे. स्वतः मोजलं नाही ते लिहायचं नाही, दुसऱ्यानं मोजलेलं तर मुळीच नाही. या एका नियमावर त्यांनी नोकरी केली, संसार केला आणि मला वाढवलं.

मी सहावीत असताना शाळेत म्हणायला एक कविता पाठ केली होती. तीत चंद्र चांदीच्या ताटासारखा होता. मी हातवारे करून म्हणून दाखवली, आणि बाबांनी विचारलं, "ताट केवढं?" मी रडले. आई सांगायची, लग्नानंतर पहिल्या वर्षी ती नवे कपडे घालून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि विचारलं, "कशी दिसते?" त्यांनी चष्मा नीट केला आणि म्हणाले, "स्पष्ट." आई ही गोष्ट हसून सांगायची. मला कधी हसू आलं नाही. अशा माणसाबरोबर राहायचं म्हणजे रोज उठून भिंतीशी चेंडू खेळायचा.

एरवी हे सगळं खपून गेलं असतं. पण दातांचे डॉक्टर बिचारे काय करणार? त्यांनी विचारलं, कुठे दुखतं? बाबांनी अचूक बोट ठेवलं. कधी दुखतं? "जेवताना. दात घासताना." किती वेळ? "जेवण होईपर्यंत." यावरून कुणीही दाढच समजेल. त्यांनी एक काढली. दोन महिन्यांनी दुसरी काढली. तिसऱ्या वेळी मात्र ते आरसा तोंडातून काढून माझ्याकडे वळले.

"ही दाढ मला चांगली दिसते. पण ते हीच म्हणतात. पुढच्या शनिवारची वेळ देतो. त्याआधी बुधवारी नसांच्या डॉक्टरांना दाखवून या. दुखणं चेहऱ्याच्या नसेचं असेल, तर दाढा काढून काही उपयोग नाही. सगळ्या काढल्या तरी नाही."

"मग ते आताच कसं कळेल? फोटो काढायचा का?"

"फोटोत दिसेलच असं नाही. पेशंट कसं सांगतो, त्यावरच बरंचसं कळतं. आणि तुमचे वडील..." ते छताकडे बघत थांबले. "तुम्ही भाषा शिकवता ना? मग जरा बघा की."

म्हणजे आता हे माझ्या गळ्यात! गुरुवार संध्याकाळ ते बुधवार दुपार. एवढ्या अवधीत नो-गो साहेबांना उपमा शिकवायची, नाहीतर तिसरी दाढ गेली, मग चौथी, आणि दुखणं आपलं तिथंच. माणूस जेवत नाही, वाळत चाललाय, आणि मी अलंकारांची वही शोधतेय. मला माझीच कीव आली.

त्याच संध्याकाळी बसलो. बाबांनी ताजी वही घेतली, पट्टीनं चार रकाने आखले आणि वर मी सांगितलं तसं लिहिलं. उपमेय, म्हणजे ज्याच्याबद्दल बोलायचं ते. उपमान, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची ते. साधारण धर्म, म्हणजे दोघांत सारखं काय. आणि साधर्म्यवाचक शब्द: सारखं, जसं, प्रमाणे. बाबांनी रकान्यांवरून नजर फिरवली.

"चार भाग आणि जुळणी," ते म्हणाले. "हे बरं आहे."

मला वाटलं, जिंकलं. मी उदाहरण दिलं, तिचा आवाज मधासारखा गोड आहे. बाबांनी चारही रकाने बरोबर भरले. मग पेन्सिल उचलून विचारलं, "आवाज चाखला कुणी?"

"चाखायचा नसतो, बाबा."

"मग गोड आहे हे कळलं कसं?"

मी डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले. दहावी 'ब'च्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांनाही एवढं कळतं. म्हणजे कळत नाही, पण ते निदान विचारत तरी नाहीत. परीक्षेत दोन गुण असतात, ते मिळाले की झालं. खरं सांगायचं तर एकोणीस वर्षांत आवाज कुणी चाखला, असं मला कुणीच विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

शुक्रवारी मी दुसरी युक्ती केली. उपमानांची यादीच लिहून आणली. माणसं दुखण्याबद्दल जे जे म्हणतात ते सगळं, म्हणजे त्यांनी फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. त्यांच्या आवडीचं काम, मला वाटलं.

"सुया टोचल्यासारखं?"

"सुई टोचली आहे मला. तसं नाही."

"शाब्बास. आग झाल्यासारखं?"

"भाजलंय एकदा. तसं नाही."

"विंचू चावल्यासारखं?"

"विंचू चावला नाही कधी. खोडून टाक."

"घणाचे घाव घातल्यासारखं?"

"जबड्यावर घण? मग जबडा राहील का? खोड."

"बरं. शॉक बसल्यासारखं?"

"हे त्या दातांच्या डॉक्टरांनीही विचारलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हणालो."

"म्हणजे तसं दुखत नाही."

"ते मला कसं कळणार? मला शॉक कधी बसलेलाच नाही."

मी पेन खाली ठेवलं. बाबा शांतपणे सांगत होते, "अडतीस वर्षांत एकदाही नाही. पायाखाली रबराची चटई, हातात मोजे, आणि आधी मेन स्विच बंद. ज्यांना बसला ते हलगर्जी होते. शॉक कसा असतो ते त्यांना विचार."

माझ्या डोक्याचं पार भजं... असो. मी खोलीतून बाहेर गेले, दोन ग्लास पाणी प्यायले आणि परत आले. दोन दाढा! पहिल्या दिवशी डॉक्टरांनी नेमका प्रश्न विचारला होता, आणि या गृहस्थांनी अपघात न झाल्याच्या अभिमानापायी 'नाही' म्हणून सांगितलं होतं!

"अहो, शॉक बसलाच पाहिजे असं आहे का? कल्पना करायची!"

"कल्पना करून डॉक्टरांना सांगायचं? आणि त्यांनी त्यावरून औषध द्यायचं?"

या माणसाशी भांडण्यात मोठी पंचाईत हीच, की मधूनच त्याचं म्हणणं बरोबर निघतं. मी दातांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी 'नाही' असं लिहून मोकळा झालो हो," ते म्हणाले. "बुधवारी हे तिकडे सांगा. पण कसं दुखतं ते मात्र तुम्ही सांगू नका, त्यांच्या तोंडून येऊ द्या. घरचे लोक कुठून कुठून शब्द गोळा करून आणतात, पेशंट मान हलवतो, आणि आम्ही तोंडघशी पडतो."

माझ्या नवऱ्याला या सगळ्यात फार मजा वाटत होती. तो रात्री जेवताना म्हणाला, "एकदा बारीकसा शॉक देऊनच बघू या की." तो विसरला की समोर कोण बसलंय. शनिवारी सकाळी मी मागच्या खोलीत गेले, तर बाबांनी धुराचा अलार्म छतावरून उतरवून उघडला होता आणि त्यातली चौकोनी बॅटरी हातात धरून ते विचार करत होते.

"हिची दोन टोकं जिभेला लावतात म्हणे," ते म्हणाले. "कमी दाबाचा शॉक बसतो. तपासल्याशिवाय कसं सांगणार?"

मी ती बॅटरी घेतली, मग टॉर्चमधली घेतली, मग भिंतीवरच्या घड्याळातलीही काढून घेतली आणि सगळ्या माझ्या पर्समध्ये कोंबल्या. सोमवारी शाळेत खडू काढायला पर्स उघडली, तर टेबलावर बॅटऱ्यांचा सडा. मुलं बघतच राहिली. मी बॅटऱ्या गोळा केल्या आणि फळ्याकडे वळले.

रविवारी मी चिडून हल्ल्याची दिशा बदलली. म्हटलं, यांना त्यांच्याच मैदानात गाठू.

"बाबा, पान्याला जबडा असतो का?"

"असतो."

"आरीला दात?"

"असतात. इंचाला किती ते मोजून असतात."

"स्क्रूला डोकं? बाटलीला गळा? कपाला कान?"

"असतो ना."

"मग निर्जीव वस्तूंना जबडे आणि दात देताना तुम्हाला काही वाटत नाही! याला चेतनगुणोक्ती म्हणतात. तुम्ही आयुष्यभर अलंकारांत बोलताय, आणि मला विचारताय आवाज चाखला कुणी!"

बाबांनी विचार केला. मला वाटलं आता कुठे घाव बसला.

"तू जरा गडबड करतेस," ते म्हणाले. "पान्याला जबडा म्हणतो, पण तो चावतो असं कुणी म्हणत नाही. ते नुसतं नाव आहे. जबडा माणसासारखं काही करायला लागला, तर चेतनगुणोक्ती. पुस्तकात तसंच दिलंय, पान सत्तेचाळीस." त्यांनी माझं पाठ्यपुस्तक उघडून दाखवलं. तीन दिवसांत त्यांनी ते सगळं वाचून काढलं होतं, आणि समासात बारीक अक्षरात चुकाही काढल्या होत्या.

"वा! काय हुशार आहात हो तुम्ही," मी म्हटलं. "असा विद्यार्थी मला जन्मात मिळाला नव्हता."

"आभारी आहे."

"ही व्याजस्तुती होती, बाबा! वरून स्तुती, आतून निंदा!"

"अच्छा," म्हणाले, आणि वहीत व्याजस्तुतीपुढे ते वाक्य तारीख घालून लिहून घेतलं.

हसू येतं ना? मलाही आता येतं. पण त्या दिवशी दुपारी त्यांनी चार चमचे मऊ भात खाल्ला आणि पाचव्याला ताटावरून उठले. बेसिनपाशी उभे होते, नळ धरून, पाठमोरे. मी दारात उभी. ती कळ येऊन गेली तेव्हा त्यांनी तोंड पुसायला टॉवेल उचलला, गालापर्यंत नेला आणि लावायची हिंमत न होऊन तसाच खाली ठेवला. टॉवेलला घाबरणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मंगळवारी माझा तोल सुटला. उत्प्रेक्षेवर होतो आम्ही. उपमेय हे जणू उपमानच आहे असं म्हणायचं.

"जणू म्हणजे, नाही हे आपल्याला माहीत आहे?" बाबांनी विचारलं.

"हो."

"तरी आहे म्हणायचं?"

"आहे नाही, 'जणू' आहे!"

"आणि रूपकात 'जणू'सुद्धा काढून टाकायचं. म्हणजे सरळ खोटं."

"खोटं नाही हो ते! समोरच्याला कळावं म्हणून असतं! आपल्या आतलं समोरच्याला दिसत नाही, म्हणून त्याला दिसेल असं काहीतरी पुढे धरायचं. एवढीशी गोष्ट आहे! उद्या डॉक्टर विचारतील आणि तुम्ही परत 'दुखतं' म्हणाल. शनिवारी दाढ जाईल. जाऊ द्या. सगळ्या जाऊ द्या! तुम्हाला काही वाटतं तरी का कधी? आई गेली तेव्हा मला फोन करून काय सांगितलंत? 'आई गेली. सहा वाजून दहा मिनिटांनी.' बस्स. वेळ सांगितलीत! चार वर्षं झाली, तिच्याबद्दल दुसरं वाक्य नाही तुमच्या तोंडून!"

हे बोलायला नको होतं, हे बोलता बोलताच कळत होतं. पण जीभ सुटली की सुटली. बाबांनी वही मिटली, पेन्सिल वहीवर समांतर ठेवली.

"उद्या किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली. नसांच्या डॉक्टर म्हणजे तिशीतल्या बाई निघाल्या. डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं, पण आवाजात घाई नव्हती. "बोला काका, काय होतंय?" म्हणाल्या. बाबांनी वही उघडली आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, कारण त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"उपमेय, डाव्या जबड्याचं दुखणं. उपमान अजून मिळालेलं नाही. सुई आणि भाजणं तपासलं, जुळत नाही. विंचू, घण आणि शॉक तपासता आले नाहीत."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना शॉकचा घोळ सांगितला, दोन वाक्यांत. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि खुर्ची थोडी पुढे ओढली.

"शॉक राहू द्या, काका. विंचूही राहू द्या. तुम्हाला स्वतःला जे पक्कं माहीत आहे, त्यातलं काही आहे का असं?"

 बाबांचा अंगठा वहीच्या कडेवरून फिरत होता. मी तोंड उघडणार होते, डॉक्टरबाईंनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

"एक आहे," बाबा म्हणाले. "पण ते शरीराचं नाही. चालेल?"

"चालेल."

"माझी बायको गेली चार वर्षांपूर्वी. त्यानंतर व्हायचं असं. एरवी ठीक असायचो. चहा करायचो, पेपर वाचायचो. मग काहीतरी अगदी हलकं व्हायचं. मुलीकडे येताना बरोबर आणलेलं तिचं कपाट उघडलं की तिच्या कपड्यांचा वास यायचा. किंवा जिन्यात कुणीतरी तिच्यासारखं खोकायचं. एवढंच. आणि एकदम..." ते थांबले. गाल एका बाजूला ओढला गेला, डोळे मिटले. आम्ही थांबलो. त्यांनी डोळे उघडले आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच धरलं. "एकदम सगळं. दोन सेकंद, फार तर तीन. त्यात दुसरं काही मावत नाही. उभा असलो तर काहीतरी धरावं लागायचं. मग बंद. मागे काही उरत नाही, दुखतही नाही. फक्त हलायची भीती बसते. कपाट उघडायची भीती. मी वर्षभर ते कपाट उघडलं नाही." त्यांनी वहीकडे पाहिलं. "हे तसं आहे. जागा वेगळी, पण तसंच."

डॉक्टरबाईंचा आवाज हळू झाला होता. "दोन कळांच्या मध्ये जबडा दुखतो?"

"मुळीच नाही."

"मग जेवण होईपर्यंत दुखतं असं तिकडे सांगितलंत ते?"

"जेवण होईपर्यंत पुन्हा पुन्हा येते. त्यांनी एकूण विचारलं होतं."

"आणि जबड्याला हलकं म्हणजे काय लागतं?"

"वारा. टॉवेल. दाढीचा ब्रश. बोलणं."

"एवढ्यानं येते?"

"एवढ्यानं."

त्यांनी बाबांचा गाल तपासला, कापसाचा बोळा कपाळावरून, गालावरून फिरवला, मग बसून लिहू लागल्या. दुखणं दाढेचं नव्हतं, कधीच नव्हतं. चेहऱ्याच्या नसेचं होतं. त्याचं एक लांबलचक नाव त्यांनी सांगितलं, खात्रीसाठी डोक्याचा एक फोटो काढायला सांगितला, गोळ्या लिहून दिल्या. हळूहळू वाढवायच्या, रक्त तपासत राहायचं. "आठवडाभरात फरक पडायला हवा," त्या म्हणाल्या. "आणि शनिवारी दाढेला हात लावायचा नाही. फार नीट सांगितलंत, काका. इतकं नीट कुणी सांगत नाही." बाबांनी मान हलवली, आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ही व्याजस्तुती नाही ना?" मी नाही म्हटलं.

मला आनंद व्हायला हवा होता. दाढ वाचली, दुखणं सापडलं, सहा दिवसांचं डोकेफोडीचं काम फळाला आलं. पण मला झाला राग. इतका, की कानशिलं तापली. मी त्यांची मुलगी. चार वर्षं एका घरात राहतो आम्ही. रोज त्यांना जेवायला वाढते. आणि ते कपाट, तो खोकला, हे सगळं मी ऐकलं ते एका परक्या बाईच्या टेबलासमोर, पाहुणीसारखं, बाजूच्या खुर्चीत बसून.

औषधांच्या खिडकीसमोर लोखंडी बाक होते. नंबराचा कागद घेऊन आम्ही बसलो. मला गप्प बसवेना.

"बाबा, हे मला का नाही सांगितलंत?"

"काय?"

"आईचं. चार वर्षांत एकदा तरी!"

"तू विचारलं नाहीस."

"मी विचारलं नाही? पाच महिने रोज सकाळ-संध्याकाळ कसं दुखतं, कसं दुखतं करून माझा घसा बसला!" शेजारच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले.

"ते दाढेचं विचारलंस." बाबांचा आवाज नेहमीसारखाच होता, तक्रार नव्हती त्यात. "आई गेली तेव्हा तू विचारलंस, जेवलात का. झोप लागली का. बीपीची गोळी घेतली का. तिची कागदपत्रं कुठे आहेत. सगळ्याची उत्तरं मी दिली. कसं दुखतं हे नाही विचारलंस."

मी उत्तर शोधलं. फोन आठवले, येणारी-जाणारी माणसं आठवली, त्यांना आमच्याकडे आणायची धावपळ आठवली. विचारलं नव्हतं. वेळ सांगणाऱ्या माणसाला दुखत नसणार, असं मी धरून चालले होते, आणि चार वर्षं त्याच गोष्टीसाठी त्यांच्यावर चिडत होते.

मग विचारलं. बोललं की त्यांना कळ येते हे माहीत असूनही विचारलं, "कसं दुखतं, बाबा? आईचं." ते समोरच्या भिंतीकडे बघत सांगायला लागले. मध्ये दोनदा थांबावं लागलं, डोळे मिटून, बाकाची कड धरून. कळ गेली की पुन्हा बोलायचे. खिडकीतून आमचा नंबर पुकारला, परत एकदा पुकारला, मग आमच्या मागचा माणूस पुढे झाला.